दोनशे एकोणचाळीस तिकिटं

एका सेंटिमीटरमध्ये पाच छिद्रं असली, की तिकीट सरळ फाटतं. चार असली तर जोर लावावा लागतो आणि सहा असली तर ते दारापर्यंत पोचायच्या आधी पाकिटातच फाटून येतं. दानबीने हे भिंगाखाली मोजलं होतं. यांग मालकांनी काहीच मोजलं नव्हतं, पण त्यांच्या प्रत्येक तिकिटावर प्रत्येक सेंटिमीटरला छिद्रं पाचच निघायची.

दानबी सोलच्या पाणी तपासणी केंद्रात काम करायची आणि 'मीठगोदाम' नावाच्या तीन जणांच्या बँडवर अकरा वर्षं प्रेम करायची. पहिलं सगळ्यांना ठाऊक होतं, दुसरं ऑफिसात कुणालाच नाही. बँडचा कार्यक्रम असला, की ती चित्र काढून छापून घ्यायची. त्याचंच आठवणीचं तिकीट. खरी तिकिटं आता फोनमध्येच येतात, ती काही वहीत चिकटवता येत नाहीत. म्हणून चाहत्यांपैकीच कुणीतरी कागदाची करतं आणि दारापाशी उभं राहून फुकट वाटतं. घेणाऱ्याने फोनमधलं खरं तिकीट दाखवायचं आणि जाताना एखादं संत्रं हातावर ठेवायचं, अशी रीत.

छपाईला ती उल्जिरोच्या गल्लीत यांग मालकांकडे जायची. त्यांचं छिद्रं पाडायचं यंत्र पायाने चालायचं. वय बावन्न, म्हणजे दानबीपेक्षा बारा वर्षांनी मोठं.

"ही तुझी शेवटची तिकिटं बरं का, मोजपट्टीबाई," मालक म्हणाले. "सोमवारी भंगारवाला प्यो यंत्र न्यायला येतोय."

"मागच्या सोमवारीही येणार होता."

"तेव्हा माझं पोट दुखत होतं."

तेवढ्यात फोन वाजला. मालकांनी तो विंचू असल्यासारखा दोन बोटांत धरून तिच्यापुढे केला. "त्याचाच आहे. सांग, मी अंघोळीला गेलोय."

"दुकानात?"

"मग सांग, झोपलोय."

दानबीला खोटं बोलता येत नसे. तिने फोन घेतला आणि म्हणाली, "मालक बोलायला तयार नाहीत." हे शंभर टक्के खरं होतं.

फोन ठेवल्यावर मालक यंत्राला तेल देत राहिले. तिच्याकडे न बघता म्हणाले, "शिकणारं कुणी असतं तर ठेवलं असतं. तुझा हात स्थिर आहे. तीन वर्षं विचारतोय."

"बघते," दानबी म्हणाली. तीन वर्षं ती हेच म्हणत होती. कुठलीही गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय तिला ठरवता यायची नाही, आणि ही मोजायची कशाने ते तिला कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने तपकिरी कागदातला गठ्ठा उचलला आणि दुपारी चारला सोनामू नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर चादर पसरली. नोव्हेंबरची थंडी होती. चित्र झकास उतरलं होतं: समुद्राच्या पाण्याचा एक थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तसा, आणि त्यात पोहणारे तिघे वादक. मग तिने तिकिटं मोजली. दोनशे एकोणचाळीस. पुन्हा मोजली. दोनशे एकोणचाळीस. सांगितली होती दोनशे चाळीस, नाट्यगृहात खुर्च्या आहेत तेवढी. अकरा वर्षांत मालकांच्या हातून एक कागद कमी आला नव्हता.

त्यापेक्षा मोठी गोष्ट तिसऱ्यांदा मोजताना दिसली. आसन क्रमांकाची जागा तिने कोरी ठेवली होती, ज्याने त्याने आपला नंबर पेनने लिहावा म्हणून. आता ती कोरी नव्हती. ओळ पहिली, आसन एक. ओळ पहिली, आसन दोन. थेट बाराव्या ओळीपर्यंत.

तिने फोन लावला. "मालक, तिकिटांवर नंबर आहेत."

"मग? तू विसरली होतीस. मी काही बोललो नाही. माणूस आहे, चुकतं."

"मी मुद्दाम कोरं ठेवलं होतं!"

"बिननंबरी तिकीट?" मालकांचा आवाज दुखावला. "त्या नाट्यगृहाची तिकिटं तीस वर्षं मी छापली. खुर्ची न् खुर्ची पाठ आहे. शेवटचं काम अर्धवट देऊ होय?"

समोर रांग लागली होती. दानबीने हाताला येईल ते तिकीट वाटायला सुरुवात केली. पहिल्या मुलीने तिकीट हातात घेतलं आणि किंचाळली.

"अगं बाई, खऱ्यापेक्षा खरं! पण खडेमीठताई, माझी खुर्ची तिसऱ्या ओळीत अकरा आहे. हे नवव्या ओळीतलं चार आहे."

चाहत्यांमध्ये दानबीला याच नावाने ओळखत. "चालेल की," ती म्हणाली. "आठवणच तर आहे."

"चालेल कसं? जन्मभर वहीत दुसऱ्याची खुर्ची चिकटवू?"

हे म्हणणं सगळ्यांनाच पटलं. दहा मिनिटांत रांग मोडली आणि पायऱ्यांवर भाजीबाजार भरला. "तिसरी अकरा कुणाकडे?" "सातवी दोन देते, सातवी तीन घेते!" "ओ काका, दहावी सोळा का? थांबा, पळू नका!" प्रत्येकाने पुरावा म्हणून आपल्या फोनचा पडदा डोक्यावर धरलेला. एक आजी आपलं तिकीट मिळाल्यावरही हटेनात. त्या आता इतरांची लग्नं जुळवत होत्या.

पाऊण तासाने व्यवस्थापक ग्वोन बाई बाहेर आल्या. जे त्यांना दिसलं, ते कुठल्याही व्यवस्थापकाला काळ्या बाजारासारखंच दिसलं असतं.

"बनावट तिकिटं! कुणी छापली?"

"मी," दानबी म्हणाली. "म्हणजे नंबर मी नाही छापले."

"कुणी छापले त्याला बोलवा. आत्ताच्या आत्ता."

मालक वीस मिनिटांत स्कूटरवरून आले, अंगात शाईचा ॲप्रन तसाच. तोवर दुसरंच संकट उभं राहिलं. थंडीत फोनची बॅटरी लवकर बसते, हे दानबीला कारणासकट ठाऊक होतं. तासभर उंच धरलेले फोन आता एकामागून एक मान टाकत होते. काहींनी ते काखेत धरले, एकाने भाजलेल्या रताळ्याला बांधला. तरी चाळीसेक फोन गेलेच, आणि त्यांच्यासोबत चाळीस खरी तिकिटं. दानबीचाही त्यातच.

"फोन दाखवल्याशिवाय कुणालाही आत सोडणार नाही," ग्वोन बाई म्हणाल्या.

दानबी हळू आवाजात म्हणाली, "बाई, एका खुर्चीचं तिकीट एकच आहे. माझ्याकडून ते फोन दाखवूनच मिळालंय, आणि अदलाबदलही फोन बघूनच झालीय. आत्ता प्रत्येकाच्या हातात त्याचीच खुर्ची आहे. दोघं एका खुर्चीवर येऊच शकत नाहीत. आले, तर मला पोलिसांत द्या."

ग्वोन बाईंनी एक तिकीट उजेडात धरलं. वाकवून पाहिलं. मग मालकांकडे पाहिलं. "मी इथे लागले तेव्हा दारावर हीच तिकिटं फाडायचे. ती तुमची?"

"दुसऱ्या कुणाची असणार?" मालक म्हणाले.

बाईंनी मान हलवली. ज्यांचे फोन मेले त्यांना कागदावर सोडायचं ठरलं. ते ऐकताच ज्यांचे फोन जिवंत होते त्यांनीही ते खिशात घातले. फाडून घ्यायची संधी कोण सोडतो? पण दारावरच्या दोन मुलींनी जन्मात तिकीट फाडलं नव्हतं. पहिलंच वाकडं गेलं. थेंबातला गिटारवाला कमरेत तुटला.

"अगं थांब, ती काय कोबीची पानं आहेत!" मालक पुढे धावले. "इथे अंगठा. खाली नाही, बाजूला."

टर्र.

आवाज इतका स्वच्छ होता, की रांगेतून टाळ्या पडल्या. मग मालकच दारात उभे राहिले. टर्र, टर्र, टर्र. दानबी बाजूला उभी राहून मोजत होती. रेषेबाहेर एकही तिकीट गेलं नाही. प्रत्येक जण आपला अर्धा भाग दोन्ही हातांनी घेत होता आणि कमरेत वाकून आभार मानत होता. मालकांचे कान लाल झाले होते; ते थंडीमुळे, असं कुणी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं.

दोनशे एकोणचाळीस झाली. आत गिटारच्या तारा जुळवल्या जात होत्या. बाहेर उरली फक्त दानबी, बंद फोन आणि पिशवीभर संत्री घेऊन. तिकिटं करणारीकडेच तिकीट नव्हतं.

तेवढ्यात ॲप्रनच्या खिशात फोन वाजला. मालकांच्या हातात फाटलेल्या भागांचा ढीग होता. "काढ गं तो. प्योच असेल. काय सांगायचं ते सांग, मी थकलो."

तिने खिशात हात घातला. फोनबरोबर एक कागद आला. बारावी ओळ, आसन वीस. तिची खुर्ची.

"हे मोजून बाजूला ठेवलं होतं," मालक म्हणाले. "खुर्ची तूच सांगितली होतीस. वाटायच्या नादात स्वतःचंही देऊन बसशील, म्हटलं."

दानबीने तिकिटावरून अंगठा फिरवला. एका सेंटिमीटरला पाच. फोन वाजतच होता. तिने तो कानाला लावला.

"प्योसाहेब, सोमवारी येऊ नका. यंत्र विकायचं नाहीये. शिकणारं माणूस मिळालंय."

पलीकडून भंगारवाला ओरडला, "या वयात त्यांच्याकडे कोण शिकणार?"

"मी," दानबी म्हणाली.