मनोहरभाऊंचं परदेशी झाड

मे महिन्यात दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. मनोहरभाऊ दिसतात. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात छत्री. छत्री मात्र त्यांच्यावर नसते, कुंडीतल्या वीतभर झाडावर असते. थोडा वेळ धरतात, मग काढतात, मग पुन्हा धरतात.

"भाऊ, ऊन लागून मराल," मी कुंपणावरून ओरडते.

"सवय रीतसर लागली पाहिजे, वयनी."

'रीतसर' हा त्यांचा लाडका शब्द. तहसील कचेरीत बाबू होते. तिथे लोकांच्या अर्जांची वाढ खुंटवायचे, आता झाडांची खुंटवतात. त्याला बोन्साय म्हणतात म्हणे. आमच्याकडे नीट न वाढलेल्या झाडाला खुरटं म्हणतात आणि उपटून टाकतात.

हे झाड ऑस्ट्रेलियाचं. अकोल्याच्या नर्सरीतून आणलं. मलाही सोबत नेलं होतं, तुळस घ्यायची होती म्हणून गेले. नर्सरीवाल्याने आधी लाल ब्रशासारख्या फुलांचं झाड दाखवलं.

"काका, हे बी ऑस्ट्रेलियाचंच आहे."

"इथं कधी आलं?"

"माह्या आजोबाच्या वक्ती."

"मंग ते अकोल्याचंच झालं. दुसरं दाखव."

दुसऱ्याची पानं सोनेरी होती, साल बाभळीसारखी. भाऊ म्हणाले, "हे कायबी सोसन. याचं काय कौतुक?" तेही नापास. तिसऱ्याची साल पांढुरकी, कागदाचे पदर सुटावेत तशी सुटत होती. नर्सरीवाला म्हणाला, "हे दलदलीतलं, काका. याचे पाय सदा पाण्यात लागतात." भाऊंनी तेच उचललं. लोक टिकाऊ वस्तू निवडतात, या माणसाने नाजूक निवडली.

घरी आल्यावर त्याला पितळी परातीत उभं केलं. परातीत पाणी. बायकोच्या माघारी ती परात कणकेला लागत नव्हतीच. एकदा मी सहज सालीचा सुटलेला पदर ओढला, तर भाऊ किंचाळले, "वयनी! कातडी आहे ते त्याची!"

गल्ली हसायची. मीही हसायचे.

मेच्या शेवटी भाऊ अकोटला भाचीच्या लग्नाला गेले. परात काठोकाठ भरून गेले. त्याच दिवशी डासांच्या अळ्या पाहणारी बाई गल्लीत आली. तिने सगळ्यांचे कूलर पाहिले, ड्रम पाहिले, आणि साचलेलं पाणी दिसलं म्हणून भाऊंची परात पालथी करून गेली. तिचं कामच ते.

भाऊ दोन दिवसांनी परतले तेव्हा पानं हातात चुरत होती. पायरीवर बसले. चपलाही काढल्या नाहीत.

"झाडच होतं ना, भाऊ. दुसरं आणा."

"दुसऱ्यानं काय होते, वयनी?" ते कुंडीकडेच पाहत म्हणाले. "सूनबाई म्हणते, पोट्टी तिथल्या हवेत वाढली, तिले तुमचं ऊन सोसणार नाई. शाळेत जाऊन राहिली आता ते. म्या अजून हातात नाई घेतली. मले दाखवाचं होतं, तिथलं नाजूक झाड इथं जगलं म्हनून. हे जगलं असतं त ते बी..."

त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. त्यांचा पोरगा, सून, नात तिकडे ऑस्ट्रेलियात आहेत हे गल्लीला ठाऊक होतं. झाड कशाला आणलं हे कुणी विचारलं नव्हतं.

मला रडणारा पुरुष पाहवत नाही. "पोरीले काय परातीत उभं करणार आहा? उठा, बादली आणा."

कुंडी अख्खी बादलीत बुडवली. पाऊस लागला तरी ते रोज खोडाला नाक लावून बघायचे. एके दिवशी सालीच्या फटीतून हिरवे ठिपके निघाले. भाऊंनी लगेच मुलाला व्हिडिओ फोन लावला. त्यांचा आवाज मोठा, भिंतीतून सगळं ऐकू येतं.

"सुकलं होतं, पुन्हा फुटलं! पाह्य, हे पाह्य! ... हो. ... पुढच्या वर्षी येता? ... सूनबाई पाहू म्हनते का? ... बरं, बरं. रीतसर पाहा."



सकाळी पाहिलं तर भाऊ अंगणात कूलर उघडून बसलेले. जुन्या गवती ताट्या काढून नवा वाळा भरत होते. बाहेर पाऊस.

"काहून, भाऊ? पावसाळ्यात कूलर?"

"पुढच्या वर्षी ऐन वक्ती घाई होते, वयनी."

वाळा कमी पडत होता. माझ्याकडे थोडा होता, तो कुंपणावरून दिला.