पडीक जमिनीतले टोमॅटो

जमीन ही आई आहे आणि आईला विश्रांती हवी, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं; त्या विश्रांतीचा एकरी दर किती, हे ठरवायला मात्र सरकारच लागलं.

माल जास्त झाला की भाव पडतात, भाव पडले की शेतकरी ओरडतो. तेव्हा शेतकऱ्याने काही पिकवूच नये आणि त्याबद्दल हप्ता घ्यावा, अशी ही भूविश्रांती योजना. आमच्या भागाने ती डोक्यावर घेतली. पहिल्याच वर्षी आमचं न-उत्पादन दुप्पट झालं. दुसऱ्या वर्षी न पिकवलेल्या कांद्यात आम्ही पहिले आलो. (कांदा इथे पूर्वीही होत नव्हता, पण तेव्हा तो न पिकवण्याचं काम आम्ही फुकट करत होतो.)

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. जमिनीला मुळातच उगवण्याची वाईट खोड आहे. गवत माजलं तर तो चारा ठरतो, फुलं आली तर बाग. आमच्या काकांनी रान स्वच्छ ठेवायला दोन गडी लावलेत. "पुढच्या वर्षी अजून चार एकर घेतो," ते छाती पुढे काढून सांगतात, "आणि त्यातही काही करत नाही."

अशा आदर्श वातावरणात मावशीच्या रानात टोमॅटो आले.

मावशी म्हणजे सगळ्या गावाची मावशी. एकटी बाई, एक एकर जमीन आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. यंदाच्या हप्त्यातून ऑपरेशन करायचं ठरलं होतं, डॉक्टरांनी तारीखही दिली होती. खरकटं पाणी ती मागच्या दारातून रानात फेकते. त्यातल्या बियांनी कोणाची परवानगी न घेता डोकं वर काढलं, आणि पाहणीचे साहेब आले तेव्हा झाडं लालबुंद झाली होती.

"मावशी, हे काय?"

"कुठे काय?"

"अहो, एवढे लालभडक टोमॅटो! दिसले नाहीत तुम्हाला?"

"दिसले असते तर तुमच्या हप्त्याची वाट कशाला बघत बसले असते, बाबा?"

साहेबांना गहिवरून आलं. (गहिवर नियमात बसत नसल्यामुळे त्यांनी तो जागेवरच आवरला.) मावशी म्हणाली, "थांबा, उपटूनच टाकते." साहेबांनी घाईघाईने तिला अडवलं. उपटणं म्हणजे काढणी आणि काढणी म्हणजे शेती. न उपटणं म्हणजे उभं पीक. उरला एकच मार्ग, झाडांकडे पाठ करून उभं राहण्याचा. तो साहेबांनी थोडा वेळ अवलंबून पाहिला.

मग त्यांनी तिला पिकवणाऱ्यांच्या अनुदानाची खिडकी दाखवली. तिथल्या बाईंनी विचारलं, "बियाण्याची पावती?"

"खरकट्यातलं बियाणं, त्याची कसली पावती?"

"लागवड कोणी केली?"

"कोणीच नाही गं."

"मग तुम्ही शेतकरी कशा?"

थोडक्यात, साहेबांच्या पाहणीत मावशी शेतकरी ठरली आणि अनुदानाच्या खिडकीवर ठरली नाही. दोन्ही निर्णय बिनचूक आहेत, मी स्वतः नियम वाचलेत. हप्ता अडकला, ऑपरेशनची तारीख दुसऱ्या कोणाला गेली. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत मालाला हात लावायचा नाही असा हुकूम असल्याने टोमॅटो झाडावरच सडले. मला खरंच फार वाईट वाटलं. वासही येत होता. काकांचा हप्ता मात्र वेळेवर जमा झाला.

आता तुम्ही हसत असाल. हसा. पण काल भाजीवाल्याशी हुज्जत घालून तुम्ही जे पाव किलो टोमॅटो आणलेत ना, त्यांचे पैसे तुम्ही दोनदा मोजलेत. आधी करातून, टोमॅटो पिकू नयेत म्हणून. आणि मग बाजारात, ते पिकले नाहीत म्हणून. इतकी वर्षं हे तुम्हाला दिसलं नाही.

मावशीला निदान मोतीबिंदू तरी आहे.