शंकासुराचं कुलूप

"या घरात सायकलीला जागा आहे, माणसाला नाही," ओठांत टाचण्या धरून ती पुटपुटली. टाचण्यांमुळे निम्मे शब्द आतच राहिले, तरी नवऱ्याला सगळं ऐकू गेलं. जाणारच. चहाचा कप घेऊन तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मध्ये सायकलचं हँडल होतं आणि मागे सरकावं तर पाठीला कपाट लागत होतं.

सायकल नवीकोरी होती. तिच्या चाकांना रस्त्याची धूळ ठाऊक नव्हती. घरातली धूळ बसायची, ती तो रोज फडक्याने पुसायचा. त्याला हृदयाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज सायकल चालवा. नुसते बसून राहिलात तर पुन्हा इथेच भेट होईल." घरात मात्र 'झटका' हा शब्द कोणी उच्चारत नसे. "ते झालं तेव्हा" एवढंच म्हणत, तेही दुसरीकडे बघत.

तर सायकल आली, पण कुलूप ठरेना. नवरा विमा कंपनीत चोरीचे दावे तपासायचा. कोणतं कुलूप कशाने तुटतं, हे त्याला पाठ होतं. पावती खरी असली तरी दुकान खरं आहे का, अशी शंका काढणारा माणूस; ऑफिसात सगळे त्याला शंकासुर म्हणत.

"तारेचं कुलूप? पक्कड लावली की संपलं," तो म्हणाला. "नंबरचं? कान लावून उघडतात लोक. साखळीचं घ्यावं, तर तिची एक कडी नेहमी कच्ची निघते."

नवल म्हणजे, एरवी त्याच्या शंकांनी डोकं उठलं म्हणणारी बायको या वेळी त्याच्याही पुढे गेली. "कुलूप चांगलं असलं तरी चोर सीट काढून नेतील, त्याचं काय?" तिने विचारलं. तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तोही आला की म्हणायचा, "घाई नको भावोजी. एकदाच घ्यायचं, ते बघून घेऊ." खिडकीजवळच्या खाटेवरून सासूबाई मान डोलवायच्या. एका गोष्टीवर सगळ्यांचं इतकं एकमत या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने आदल्या दिवशी आणलेलं मनगटाएवढं जाड, वाकड्या दांड्याचं कुलूप बाहेर काढलं. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, एक वेळ सायकल तुटेल, हे नाही तुटणार."

"तो म्हणणारच," शंकासुर म्हणाला. "आपण तपासून घेऊ." तपासायचं तर सायकल कशाला तरी अडकवायला हवी. घरातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे बायकोची पायाने चालवायची शिलाई मशीन. त्याने कुलपाचा दांडा सायकलच्या चाकातून आणि मशीनच्या मोठ्या चाकातून घातला आणि खट्कन बंद केलं. किल्ली आईच्या खाटेवर ठेवली आणि सुट्टीला आलेल्या मेहुण्याला म्हणाला, "हं, आता तू चोर."

मेहुण्याने ओढलं, पिळलं, हातोडी मारली. कुलूप हललं नाही. शंकासुराच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तो किल्ली घ्यायला वळला. किल्ली नव्हती.

"दुसरी कुठाय?" बायकोने विचारलं.

"ऑफिसच्या खणात. दोन्ही किल्ल्या एका घरात ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण. मी कालच ठेवून आलो."

"आणि ऑफिस?"

"बंद. आज सुट्टी."

ती मटकन स्टुलावर बसली. दातांच्या नव्या दवाखान्याचे पडदे उद्या सकाळी द्यायचे होते आणि त्यातले निम्मे अजून शिवायचेच होते. "अहो, तुमची सायकल कोण चोर नेतोय ते माहीत नाही, पण माझी मशीन तुम्ही नेलीत!"

मग शोधाशोध सुरू झाली. खाट सरकवली, गादी झटकली. सासूबाईंना उठवून खुर्चीवर बसवलं, खुर्चीवरून पुन्हा खाटेवर. "मला काय विचारता, माझे डोळे हे असे," त्या म्हणाल्या. मेहुण्याने करवत आणली. पातं मोडलं, त्याचा हात सोलला, कुलपावर नुसता ओरखडा उठला. पाय घसरून त्याने मशीनचा पट्टा तोडला. पट्टा उडून तेलाच्या कुपीला लागला आणि तेल पांढऱ्या पडद्यांवर सांडलं. ती आता रागावतही नव्हती. डाग पडलेला पडदा मांडीवर घेऊन नुसती बसली होती.

"ताई, रडू नकोस," भाऊ म्हणाला. "कामावरचं मोठं कटर घेऊन येतो."

तो कटर घेऊन आला, दोन्ही हातांनी दाबलं आणि ते न तुटणारं कुलूप गाजरासारखं तुटलं.

मशीन सुटली होती. सायकलही सुटली होती. दार उघडं होतं, बाहेर लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर रहदारी नव्हती.

"हे कुलूप काही खरं नाही," बायको घाईघाईने म्हणाली. "दुसरं बघायला हवं."

"हो, हो, बघू की," भाऊ म्हणाला. "आता घाई नको."

"मी आधीच म्हणालो होतो," शंकासुराने सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात सासूबाईंनी चष्म्याचं घर उघडलं, त्यातून किल्ली काढली आणि खाटेच्या कडेवर ठेवली.

"आई!" तो ओरडला. "मघापासून तुझ्याकडे होती? अगं, दिली का नाहीस? तिचे पडदे गेले, याचा हात सोलला!"

"दिली असती तर कुलूप पसंत पडलं म्हणाला असतास," म्हातारी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आणि निघाला असतास सायकल घेऊन."

"मी कुठला निघतोय, आई!" त्याने हँडल घट्ट धरलं. "रस्त्यात एकटा असताना पुन्हा झटका आला तर?"