घंटेतलं पाखरू

नव्यानं शिकलेल्या माणसाच्या हातात रिमोट देऊ नये. माझ्या हातात दिला होता. तेव्हा मी अवघी बासष्ट वर्षांची, म्हणजे अक्कल यायची होती. आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत मुलाकडे नुकतीच राहायला आलेले, आणि नातीनं फॉरवर्डचं बटण दाखवल्यापासून स्वतःला इंजिनिअर समजत होते. त्याच तोऱ्यात मी परकारभाईंचं पाखरू पुढे पळवलं.

परकारभाई आमच्या समोरच्या फ्लॅटमधले. मूळचे रत्नागिरीचे, उभी हयात जहाजावर काढलेली. कुठल्याशा बंदरात घेतलेले जुने मेक्सिकन सिनेमे मुलानं त्यांना पेनड्राइव्हवर उतरवून दिलेत. शुक्रवारी संध्याकाळी आम्हा रिकामटेकड्यांना बोलावणं असतं. भाषा कुणालाच कळत नाही, त्यांनाही नाही. पण त्यांचं काही अडत नाही, कारण ते सिनेमा बघतच नाहीत. बघतात ते फक्त सुरुवातीचं कंपनीचं चिन्ह. काळ्यापांढऱ्या पडद्यावर एक घंटा डुलू लागते, तिच्यातून रेघांनी काढलेलं पाखरू निघतं, गिरकी घेतं आणि कंपनीच्या नावावर जाऊन बसतं. ते बसलं की परकारभाई "खलास" म्हणून उठतात, सगळ्यांसाठी बिनदुधाचा सुलेमानी चहा टाकायला. सिनेमाचं विचारलं तर म्हणतात, "त्यात काय? रडतात, गातात, लग्नं करतात. आपल्याकडे कमी हायत काय?"

सुरू करण्याआधी मात्र स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतात, "यल्ला, चल लवकर, घंटा लागली!" आत कुणीच नसतं. सूनसुद्धा आमच्यातच बसलेली असते. आम्ही एकमेकींकडे बघून खुसखुसायचो.

त्या शुक्रवारी ते हाक मारून वळेपर्यंत मी घंटा, पाखरू सगळं ओलांडून थेट नायिकेच्या रडण्यापाशी पोचले होते, आणि वर शाबासकीची वाट बघत होते. त्या दिवशी चहा झाला नाही. निघताना सुनेनं मला दाराबाहेर हळूच सांगितलं, की सासूबाई होत्या तेव्हा दोघं मिळून एवढंच बघायचे. पाखरू बसलं की त्या सोफ्यावर पेंगायच्या.

आठवडाभर मला घास गोड लागेना. या गावात माझं स्वतःचं म्हणावं असं ते एकच बोलावणं होतं, तेही मी घालवलं होतं. पुढच्या शुक्रवारी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. यात चांगलाच उशीर झाला. आत सगळे चिडीचूप बसलेले. पडद्यावर घंटा तिरकी थांबलेली, पाखराची नुसती चोच बाहेर. परकारभाईंनी आपल्या शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा वैनी. आमच्या रुकय्याला पण कधी वेळेवर यायला जमलं नाय. पाखरू धरून ठेवायची सवय हाय मला."