आल्प्समधलं गाव आणि विस्कॉन्सिनची गाडी

नरेंद्रने प्रोजेक्टर सुरू केला आणि भिंतीवर एक अनोळखी गोरा म्हातारा उमटला. हातात भलामोठा मासा.

हा फोटो नरेंद्रने काढलाच नव्हता. कंपनीच्या कामासाठी तो ऑस्ट्रियाला जाऊन आला होता आणि तिथल्या तळ्याकाठच्या गावाचा इतिहास सांगायला त्याने अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या मराठी मंडळींना घरी बोलावलं होतं. धुवायला टाकलेल्या स्लाइड्स ऐनवेळी मिळाल्या. पाहुणे दारात आलेले, म्हणून त्याने त्या न बघताच ट्रेमध्ये भरल्या. दुकानात डबे बदलले होते, हे आता कळत होतं.

खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण सगळं बेसमेंट त्याच्याकडे बघत होतं.

"मुळात हे कोळ्यांचं गाव," तो म्हणाला. "हे तिथल्या जुन्या घराण्यातले."

पुढच्या स्लाइडवर एक धिप्पाड बाई खुर्चीत झोपली होती.

"मग एका डॉक्टरने इथली हवा क्षयाला चांगली, असं सांगितलं. तेव्हापासून पेशंट येतात."

"तब्येत तर झकास दिसतेय," पद्मिनीकाकू म्हणाल्या.

"हवेचा गुण, काकू."

मग रेल्वे आली, हॉटेलं झाली, राजेरजवाडे उन्हाळ्याला येऊ लागले. भिंतीवर एक उघडाबंब माणूस मक्याचं कणीस खात होता.

"हे राजघराण्यातले का?" जगन्नाथने विचारलं.

"लांबचे."

पुढच्या स्लाइडवर एक गाडी आली. त्याची मुलगी दीपा शांतपणे म्हणाली, "डॅडी, दॅट्स अ विस्कॉन्सिन प्लेट."

शेजारच्याच राज्याची गाडी आल्प्समध्ये खपणार नव्हती. नरेंद्रने प्रोजेक्टर बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले.

"अरे, पण गाव तू पाहिलंस ना?" हसू ओसरल्यावर काकूंनी विचारलं.

"कसलं काकू, दिवसभर मीटिंगा. इतिहाससुद्धा हॉटेलच्या माहितीपत्रकातला." तो ट्रे काढू लागला. "हॉटेलच्या मालकीणबाई तेवढ्या रोज बोलायच्या. म्हाताऱ्या आहेत. म्हणाल्या, सीझन संपला की गावात कुणी उरत नाही. मुलं इकडे, अमेरिकेत. मी अमेरिकेहून आलो म्हटल्यावर रोज माझ्यासाठी वेगळा केक करायच्या."

"मुलं फोन करतात का त्यांना?"

"ख्रिसमसला."

जगन्नाथने घड्याळ बघितलं. काकू पदर सावरत उठल्या.

"आम्ही निघतो रे. इंडियात आत्ता सकाळ झाली असेल."

मग एकेक करून सगळेच निघाले. सगळ्यांनाच सकाळी लवकर उठायचं होतं म्हणे. नरेंद्रच्या बायकोने, सुलेखाने वड्यांचा शेवटचा घाणा काढेपर्यंत दारात एकही चप्पल उरली नव्हती.

"एवढं बोअर केलंत का लोकांना?" तिने विचारलं.

नरेंद्रने भिंतीवरचा फोन उचलला आणि नागपूरला शेजारच्या डॉक्टरांचा नंबर फिरवला. आईला बोलवायला कुणीतरी धावत गेलं.

"काय झालं रे?" आई धापा टाकत, घाबरून म्हणाली. "आज तर दिवाळीपण नाही."