रिकाम्या गावाचा तक्ता

"सर, शनिवारी साहेब येऊन गेले, की माझ्या नावाआधीचं 'प्रभारी' गेलं म्हणून समजा," खाकासाबाईंनी हेडमास्तरांना सांगून टाकलं.

हेडमास्तर वालुबेंगो यांनी चहाचा कप तोंडाला असतानाच मान डोलावली. खाकासाबाईंशी वाद घालायचा तर कप आधी खाली ठेवावा लागतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

नामुसासीच्या शाळेत बाई सहा वर्षं भूगोलाच्या प्रभारी विभागप्रमुख होत्या. सहा वर्षांत दोन हेडमास्तर बदलले, छपराचे पत्रे बदलले, पाठ्यपुस्तक तीनदा बदललं. 'प्रभारी' तेवढं कपाळावरच्या तिळासारखं जागच्या जागी. तो तीळ काढण्याचा अधिकार जिल्ह्याचे तपासणी अधिकारी ओंदिएकी यांच्याकडे होता, आणि ते फळ्यावरच्या शिकवण्याला भुलत नसत. मुलांनी गावात फिरून काय अभ्यास केला, एवढंच पाहायचे.

बाईंनी विषयच असा निवडला होता, की साहेबांनी खुर्चीतच सरळ होऊन बसावं: 'नामुसासी रिकामं का झालं?'

अर्धं काम तर तयारच होतं. मुलांनी टेकडीवर चढून वस्तीचा नकाशा काढला होता: केळीच्या बागांत आणि मक्याच्या शेतांत इथे एक घर, तिथे एक घर. विखुरलेली वस्ती, अगदी पुस्तकात दाखवतात तशी. दर चौरस किलोमीटरला किती माणसं, तो आकडाही निघाला होता. वयानुसार लोकसंख्येचा मनोरा काढला, तर त्याची कंबर गांधीलमाशीसारखी निघाली. खाली पोरं, वर म्हातारे, मधलं कुणी नाहीच. मधले सगळे नैरोबीला, मोंबासाला, एल्डोरेटला.

आता एकच उरलं होतं. ते गेले का? गावातून ढकलणारी कारणं कोणती आणि शहराकडे ओढणारी कोणती? ते त्या गेलेल्यांनाच विचारायला हवं होतं.

"त्यात काय," शाळेशेजारी राहणारे मुख्वानाकाका म्हणाले. वय चौऱ्याऐंशी, गावात सगळ्यांत वडील. "माझा फोन घेऊन जा. गाव सोडलेल्या प्रत्येकाचा नंबर आहे त्यात. मोठ्या माणसाला सगळ्यांची खबर ठेवावी लागते."

"काका, दोन-तीन दिवस लागतील हं."

"आठवडा ठेव, पोरी. कानाला जरा आराम."

फोन करायचं काम बाईंनी नासिमियूला दिलं. वर्गातली सगळ्यांत शहाणी मुलगी, आणि रविवारी चर्चमध्ये प्रार्थना तीच वाचायची. आवाज मऊ, संथ, थोडासा भरून आल्यासारखा.

"पुस्तकातल्या प्रश्नांच्या यादीत आहे तेवढंच विचारायचं," बाईंनी बजावलं. "गप्पा नाहीत, हसणं नाही, आणि आपण काय करतोय ते सांगायचं नाही. सांगितलं की माणसं शोभेल असं उत्तर देतात. खरं उत्तर येत नाही."

पहिला फोन मुख्वानाकाकांच्या थोरल्या मुलाला, मासिकाला लागला.

"मासिका मुख्वाना बोलताय का?"

"हो. पण हा तर बाबांचा नंबर. तू कोण?"

"मी नामुसासीहून बोलतेय. आपण आत्ता कुठे आहात?"

"मोंबासात. का गं?"

"आपल्यासोबत कोण आहे?"

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. मग, "बायको आहे. झालंय काय?"

"गावी शेवटचं कधी आला होतात?"

"दोन वर्षं झाली. पोरी, बाबा कसे आहेत?"

नासिमियूनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मानेनंच नाही म्हटलं.

"ते मला सांगता येणार नाही," नासिमियू हळुवारपणे म्हणाली. "घरी पोचायला आपल्याला किती तास लागतील?"

मासिका रडायला लागला. बाईंनी तक्त्यात लिहिलं: गावाची ओढ, तीव्र.

आमच्या भागात मयताची बातमी फोनवर कुणी सांगत नाही. कुठे आहेस, सोबत कोण आहे, घरी यायला किती वेळ लागेल, एवढंच विचारतात. शहाणा माणूस पुढचं न विचारता पिशवी भरायला घेतो. हे खाकासाबाईंना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. त्यांच्या आईची बातमी त्यांना अशीच कळली होती. पण हे प्रश्न पुस्तकातून आले होते, आणि पुस्तकातून आलेली गोष्ट आपल्या अंगणातलीच असेल, असं बाईंच्या मनातही आलं नाही.

दोन दिवसांत एकसष्ट फोन झाले. एकोणीस जण रडले, तिघांनी मध्येच फोन बायकोकडे दिला, आणि एल्डोरेटच्या एका ड्रायव्हरनं चालती गाडी बाजूला घेऊन प्रार्थना म्हटली.

"किती ओलावा आहे बघा माणसांत," बाई हेडमास्तरांना म्हणाल्या. मग काकांचा फोन बंद करून त्यांनी तो कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. दुसऱ्याची वस्तू जपायला हवी.

तिकडे नैरोबीतल्या गावकऱ्यांनी एकमेकांना विचारलं. तुला फोन आला? मलाही आला. कुणाच्या नंबरवरून? मुख्वानाबाबांच्या. आता लाव बरं तो नंबर. बंद आहे. मग तर बोलायलाच नको.

तरी मासिकानं खात्री करून घ्यायची ठरवली. त्यानं हेडमास्तरांना फोन लावला.

"सर, खरं काय ते सांगा."

"मला काही सांगायची परवानगी नाही," वालुबेंगो म्हणाले. बाईंनी त्यांनाही बजावलं होतं. "तुम्ही खाकासाबाईंनाच विचारा."

मासिकानं बाईंना विचारलं. "बाई, बाबा..."

"बाबांचं आत्ता काही बोलू नका," तो काकांचा फोन परत मागतोय असं वाटून बाई मायेनं म्हणाल्या. "शनिवारी सगळं व्यवस्थित होईल. जिल्ह्याहून साहेबसुद्धा येणार आहेत. मुलींनी गाणं बसवलंय."

"साहेब येणार?" मासिकानं नाक ओढलं. "बाबांचा एवढा मान होता, आम्हाला कधी कळलंच नाही."

बाईंना वाटलं, पोरगा जरा हळवा आहे.

शनिवारी बाई पहाटे उठल्या, गुडघे टेकून नेहमीची प्रार्थना केली आणि इस्त्रीचा निळा झगा घालून शाळेत आल्या. दहाच्या ठोक्याला ओंदिएकी साहेब आले. बारीक चष्मा, मांडीवर अहवालाची वही. गाणं झालं. नासिमियूनं नकाशा उलगडला.

"आमच्या गावाची वस्ती विखुरलेली आहे," तिनं सुरुवात केली. "तरुण माणसं जवळजवळ नाहीतच. दिवसा गावात फिरलं तर पाच-सहा म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतात."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. खाकासाबाईंना लांबून 'उ' दिसला. उत्तम असणार. उत्कृष्टही असेल.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. मग दुसरा. मग इतके वाजले की नासिमियूला थांबावं लागलं. खिडकीतून दिसलं: पुढे एक बस, मागे दुसरी, तिच्या टपावर बांधलेले तंबूचे खांब, तिच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांनी भरलेला ट्रक, आणि सगळ्यांत मागच्या पिकअपमध्ये एक काळा बैल, चेहऱ्यावर जणू आपलं काय होणार हे कळल्याचा भाव. मोटारसायकली किती, ते मोजायला बाईंना धीर झाला नाही. सगळा ताफा मुख्वानाकाकांच्या दारात थांबला आणि रडण्याचा असा एक सूर उठला की शाळेच्या पत्र्यावरचे कावळे उडाले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"बघून सांगते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून ठाम होता.

सगळे काकांच्या अंगणाशी पोचले, तेव्हा रडारड ऐकून काका काठी टेकत घराबाहेर येत होते. समोरच त्यांची मुलगी सबिना उभी होती, नैरोबीहून रात्रभर रडत आलेली.

"कोण गेलं गं?" काकांनी घाबरून विचारलं.

सबिना तोंड उघडं ठेवून बघत राहिली. "तुम्ही, बाबा."

"मी कुठे गेलोय? सकाळपासून इथेच आहे."

मागच्या बायकांना हे ऐकू आलं नाही, त्या रडतच राहिल्या. आपल्याला सांगत नाहीत, म्हणजे कुणीतरी जवळचंच गेलं असणार, असं वाटून काकाही त्यांच्यात सामील झाले. त्यांना गप्प करायला मासिकाला दहा मिनिटं लागली.

मग हळूहळू सगळं उलगडलं. एकसष्ट जणांची नजर फिरत फिरत निळ्या झग्यावर येऊन थांबली.

"बाई," मासिका म्हणाला, "हा तुमचा अभ्यास होता?"

"स्थलांतराचा," बाई बारीक आवाजात म्हणाल्या.

पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण काकांच्या हाती तेवढ्यात अंत्यविधीसाठी छापून आणलेली पुस्तिका लागली होती. मुखपृष्ठावर त्यांचा फोटो, आत त्यांचं जीवन. खाली बसून त्यांनी ती पहिल्यापासून वाचायला घेतली.

"बहिणी दोन नव्हेत, तीन," ते म्हणाले. "आणि मी सहकारी सोसायटीचा सदस्य नव्हतो, अध्यक्ष होतो. हे कुणी लिहिलं?"

"मी, बाबा," सबिना म्हणाली.

"दुरुस्त कर आणि सगळ्यांसमोर वाच. माझ्या मयताच्या जेवणाचा बैल आलाच आहे, तर तो मी जिवंत असतानाच खाईन."

तंबू उभा राहिला. खुर्च्या मांडल्या. काका पहिल्या रांगेत बसून आपल्याबद्दलची भाषणं ऐकत होते. कुणी आटोपतं घेतलं तर "अजून बोल, अजून बोल" म्हणत होते. चुली पेटल्या, मक्याच्या पिठाच्या उगालीची पातेली चढली. विखुरलेली वस्ती दोन तासांत एका अंगणात गोळा झाली होती आणि लोकसंख्येच्या घनतेनं नैरोबीला मागे टाकलं होतं.

ओंदिएकी साहेबांनी जेवता जेवता ती प्रश्नांची यादी मागून घेतली. खाकासाबाई बाजूला उभ्या राहिल्या. आता उरलंसुरलं वाचवायचं होतं.

"साहेब, याला परतीचं स्थलांतर म्हणता येईल," त्या म्हणाल्या. "हेही अभ्यासक्रमात आहे. सातवं प्रकरण."

साहेब 'गावी शेवटचं कधी आला होतात?' या ओळीवर थांबले होते. चष्मा काढून त्यांनी पुसला. तो स्वच्छ होता.

"बाई," ते म्हणाले, "तिकडे किसी भागातल्या डोंगरात माझी आई एकटी असते. चार वर्षं झाली."

ते उठले, हात धुतले, पहिल्या मोटारसायकलवाल्याला बसस्टँडवर सोडायला सांगितलं आणि गेले. अहवालाची वही खुर्चीवरच राहिली. बाईंनी ती न राहवून उघडली. 'उ'च्या पुढे लिहिलं होतं: 'उशीर. कार्यक्रम सात मिनिटं उशिरा सुरू.' त्याखाली काहीच नव्हतं.

तीन आठवड्यांनी कार्यालयाचं पत्र आलं. तपासणी अपूर्ण, साहेब दीर्घ रजेवर, पुढची तपासणी पुढच्या वर्षी, तोवर चालू व्यवस्था कायम ठेवावी. खाकासाबाईंनी ते दोनदा वाचलं. 'कायम' हा शब्द त्यांच्यासाठी सरकारनं पहिल्यांदाच वापरला होता, आणि तोही 'प्रभारी'साठी.

"काही हरकत नाही, सर," त्या हेडमास्तरांना म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आणखी मोठा अभ्यास करू. विषय माझ्या डोक्यात तयार आहे."

वालुबेंगो यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"विषय मी ठरवलाय, बाई," ते म्हणाले. "टेकडीवरचे खडक. त्यांना नातेवाईक नसतात."