धाकलूनानांचं लाइफ जॅकेट

रेवदंड्याच्या कोळीवाड्यातले धाकलूनाना लग्नाच्या पंगतीला लाइफ जॅकेट घालून बसतात. नारिंगी, फुगीर, खांद्याजवळ उसवलेलं. बाजारात तेच, एसटीतही तेच. वाढपी विचारतो, "नाना, कढीत बुडाल काय?" नाना वाटी पुढे करतात. "वाढ तू. आज वारा बरा न्हाय."

सगळ्याला नानांचं हेच उत्तर. सभेला चला, वारा बरा न्हाय. चष्मा बदला, वारा बरा न्हाय. कोळी असून कित्येक वर्षांत त्यांनी समुद्रात पाय घातलेला नाही. लाट जरा जोरात फुटली की हातातला चहा हिंदकळतो. आणि तरी वाळूत पडलेल्या आपल्या लाकडी होडीवर, सोनबायवर, ते रोज कळशीने खारं पाणी ओततात, वर झावळ्या पांघरतात. नाहीतर फळ्या वाळून आकसतात, फटी पडतात. पण जी न्यायचीच नाही, ती ओली कशाला ठेवायची? "तिला तहान लागते गो," एवढंच सांगतात.

मी किनाऱ्यासाठी पत्रकं लिहिते आणि साहेबांशी भांडते. नव्या धक्क्याच्या साहेबाने फर्मान काढलं: वाळूतल्या निकामी होड्या तोडणार, जी तरंगून दाखवील ती राहील. किनारा ज्यांचा, परीक्षा त्यांनीच द्यायची! माझं डोकं फिरलं. तडक नानांकडे गेले.

"सोनबाय पाण्यात घाला. मी सोबत बसते."

"तुला पवता येतंय?"

"नाही. आम्ही भातशेतीवाले."

"मंग कशाला बसतंस?"

"तुम्ही एकटे जाणार नाही म्हणून."

नाना होडीवरच्या झावळ्या काढायला लागले.

सगळ्या आळीने होडी ओढली. पाण्यात शिरताच ती एका अंगाला कलली आणि पत्रकांतला माझा सगळा आवेश पोटात जाऊन बसला. तळाशी पाणी झिरपत होतं. नाना वल्ही मारत होते, ओठ पांढरेफटक. खाडीच्या तोंडाशी लाट आडवी आली, माझ्या तोंडात खारट पाणी गेलं. धक्का एवढासा दिसत होता. मी फळीला चिकटून बसले.

नानांनी वल्ही आत ओढली, जॅकेट उतरवलं आणि माझ्या अंगात चढवलं. त्यांना जॅकेटशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. आत फार थोडा माणूस होता.

"तुम्ही घाला नाना. तुम्हाला भीती वाटते."

"ह्यो माज्या पोराचा," बंद ओवता ओवता नाना म्हणाले. "दुसऱ्याच्या बोटीवर गेलेला. गरमतंय म्हनून ह्यो खुंटीला टांगून गेला. बोट आली न्हाय. खुंटीवर बगवत न्हाय मला, म्हनून अंगात."

"आणि सोनबाय?"

"त्याची हाय ती. आला तर मागंल."

फळ्या फुगत गेल्या, झिरपणं थांबलं. लांब धक्क्यावरून साहेबाने हात हलवला: होडी राहील. नानांनी तिकडे मान वळवली नाही. वारा मघापेक्षा वाढला होता, लाटांची टोकं पांढरी व्हायला लागली होती. माझे दात वाजत होते.

"वारा बरा हाय गो, बाय," नाना म्हणाले, आणि माझ्या छातीवरची गाठ त्यांनी पुन्हा आवळली.